फोटो ‘क्लिअर’ करण्याआधी दोन ढीग करा



मागच्या वेळी आपण अपूर्णांकांवर बोललो होतो. आजचा विषय जरा लांबचा आहे. सुमारे १,३५० प्रकाशवर्षं लांबचा. पण तो माझ्या वर्गात घडला आणि त्यात माझी चूक झाली, म्हणून इथे लिहिते आहे.

जानेवारीतली अमावस्येच्या जवळची रात्र. आमच्या सहावीच्या वर्गातली सहा मुलं, त्यांचे पालक आणि मी, असे आम्ही दोंडाईच्याबाहेर एका पालकांच्या मळ्यात जमलो होतो. आपली जुनी माणसं ज्याला तिकांडं म्हणतात ते मृगातले तीन तारे वर आले होते. त्यांच्या खाली जो अंधूकसा ठिपका दिसतो, तो मृगातला मोठा तेजोमेघ, एम ४२. त्याचे फोटो काढले, घरी येऊन लॅपटॉपवर एकत्र केले आणि पालकांच्या ग्रुपवर टाकले. एका वडिलांनी लगेच लिहिलं, “मॅडम, हाऊ ते धूर दिखस!” दुसऱ्यांनी लिहिलं, “छान आहे, पण जरा क्लिअर करा ना.”

मी केला क्लिअर. मोबाईलमध्ये फोटो सुधारणारं एक ॲप होतं, त्यात टाकला. दहा सेकंदांत असा फोटो आला की मीच बघत बसले. धुराच्या जागी बारीक बारीक रेशमी ओढण्या, टोकदार तारे, काळंभोर आकाश. ग्रुपवर नुसता टाळ्यांचा पाऊस पडला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी त्याची मोठी प्रिंटसुद्धा काढून आणली.

आता गंमत अशी की त्याआधीच मी मुलांना एक काम दिलेलं होतं. लॅपटॉपवरचा मूळ फोटो बघून वहीत पेन्सिलने त्याचं चित्र काढायचं. एका मुलीने फार मन लावून ते काढलं होतं. प्रिंट वर्गात लावली तेव्हा ती वही घेऊन समोर उभी राहिली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “मॅडम, इथे माझा एक तारा आहे. या फोटोत दोन आहेत.”

मी म्हटलं, “तुझ्या नजरेतून सुटला असेल.” (हे वाक्य आपण शिक्षक किती सहज बोलतो!) मधल्या सुट्टीत मूळ फोटो मोठा करून बघितला. तारा एकच. स्टेलॅरियममध्ये आकाशाचा तो भाग काढला. तिथेही एकच. ॲपने एक तारा मनाने काढला होता. मग मी ओढण्यांकडे बघायला लागले आणि माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या मूळ फोटोत नक्की काय होतं ते आधी सांगते, कारण बारकावे कुठून येतात हे कळल्याशिवाय खोटे बारकावे ओळखता येत नाहीत.

आमच्याकडे दुर्बीण नाही. जुना कॅनन १३००डी कॅमेरा आणि त्याची ५५-२५० ची झूम लेन्स. लेन्स १३५ वर ठेवली की तिकांडं आणि त्याखालचा तेजोमेघ एका फ्रेममध्ये बसतात. अडचण ही की पृथ्वी फिरते. त्या भागातले तारे सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतात, आणि आमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल या लेन्सवर साधारण साडेसहा विकलांचा आहे. (हिशेब सोपा आहे : पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले लेन्सची लांबी मिलिमीटरमध्ये. ४.३ × २०६ ÷ १३५. मुलांकडून करून घ्या, भागाकाराचा चांगला सराव होतो.) म्हणजे दोन सेकंद शटर उघडं ठेवलं तरी तारा चार-पाच पिक्सेल लांब होतो.

त्यावर उपाय म्हणजे दोन फळ्यांचं यंत्र. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या, बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर सहा एमएमचा बोल्ट बसवायचा. या बोल्टचा आटा एका फेऱ्यात एक मिलिमीटर सरकतो, म्हणून मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडत जाते. बिजागरीची रेषा ध्रुवाकडे रोखायची. दोंडाईच्यात ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसतो, कारण आपलं अक्षांशही तेवढंच आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं अक्षांश मुलांना इतकं खरं कधीच वाटलं नव्हतं. बोल्टला एक मोठी चकती लावली, तिच्यावर खूण केली, आणि घड्याळाच्या सेकंद काट्याबरोबर ती खूण फिरवायचं काम मुलांनी आळीपाळीने केलं. एक सेकंद चुकला तरी दोन पिक्सेलची चूक होते, त्यामुळे मुलं श्वास रोखून फिरवत होती. २० सेकंदांचे १८० फोटो काढले. त्यातले हललेले, विमान गेलेले, कुणाचा तरी टॉर्च आलेले बाजूला काढून ११२ उरले. एकूण ३७ मिनिटांचा प्रकाश.

आता रंगीत कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं ते बघू. हे बहुतेकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. रंगीत कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल तिन्ही रंग बघत नाही. प्रत्येकावर एकेका रंगाची काच असते. चार पिक्सेलच्या चौकटीत एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी ही रचना शोधली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं, म्हणून तिला बेयर जाळी म्हणतात. लाल पिक्सेलच्या जागी हिरवा आणि निळा किती होता हे कॅमेऱ्याला माहीत नसतं. तो शेजाऱ्यांकडे बघून अंदाज करतो. वर्गात गैरहजर मुलाच्या रिकाम्या जागी शेजारच्यांच्या गुणांची सरासरी लिहावी तसं.

दिवसाच्या फोटोत हा अंदाज खपून जातो. पण तारा म्हणजे एक-दोन पिक्सेलचा ठिपका. तो लाल पिक्सेलवर पडला तर लालसर, निळ्यावर पडला तर निळसर दिसतो. तेजोमेघाच्या बारीक कडा अशाच पुसट होतात. त्यात साध्या कॅमेऱ्याच्या आत एक फिल्टर असतो, तो हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. म्हणजे तेजोमेघात जो लाल भरपूर आहे तोच आपल्याला कमी मिळतो, आणि तोही चारातल्या एकाच पिक्सेलवर.

मग बारकावे वाढवायचे कसे?

पहिलं आणि सगळ्यात मोठं उत्तर कंटाळवाणं आहे : जास्त फोटो काढा. प्रत्येक फोटोत खरा प्रकाश तोच असतो, पण खरखर दर वेळी वेगळी असते. फोटो एकमेकांवर रचून सरासरी घेतली की खरखर कमी होत जाते. चार फोटोंत ती निम्मी होते, सोळा फोटोंत पाव, शंभर फोटोंत एक दशांश. सहावीत वर्गमूळ नाही, म्हणून मी एक खेळ केला. वर्गातल्या बाकाची लांबी सोळा मुलांनी स्वतंत्रपणे पट्टीने मोजली. कुणाचं मिलिमीटर इकडे, कुणाचं तिकडे. चार-चार जणांच्या सरासऱ्या काढल्या तर त्या एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या. एक मुलगा म्हणाला, “म्हणजे चुका एकमेकींना खाऊन टाकतात!” हो, तेच. पण पट्टीच मुळात तुटकी असेल तर ती चूक सरासरीने जात नाही. कॅमेऱ्यातले काही पिक्सेल अंधारातही पेटलेले दिसतात, ती आपली तुटकी पट्टी. त्यासाठी लेन्सवर झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच थंडीत वीस-पंचवीस काळे फोटो काढायचे आणि ते वजा करायचे. लेन्सच्या कोपऱ्यांत प्रकाश कमी पोहोचतो आणि धुळीचे डाग असतात, त्यासाठी लेन्सवर पांढरं कापड ताणून पहाटेच्या आकाशाचे फोटो घ्यायचे. मुलांना झाकण लावून फोटो काढायचं भारी हसू आलं.

दुसरी गोष्ट रंगीत कॅमेऱ्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. दर दहा-बारा फोटोंनंतर कॅमेऱ्याला अगदी किंचित हलवा. मग तोच तारा एकदा लाल पिक्सेलवर पडतो, एकदा हिरव्यावर, एकदा निळ्यावर. पुरेसे फोटो असतील तर सॉफ्टवेअरला अंदाज करावाच लागत नाही. प्रत्येक जागेसाठी तिन्ही रंगांचं खरं मोजमाप कुठल्या ना कुठल्या फोटोत असतंच. या पद्धतीला बेयर ड्रिझल म्हणतात, ती फुकट मिळणाऱ्या सिरिलमध्येही आहे. फोटो थोडे असतील तर दुसरा प्रामाणिक मार्ग : चार पिक्सेल मिळून एकच रंगीत पिक्सेल बनवायचा. फोटो लांबी-रुंदीने निम्मा होतो, पण त्यात शेजाऱ्याकडून उधार घेतलेलं काही नसतं. मी तर म्हणते शाळेसाठी हाच बरा. आपल्याला कुठे होर्डिंग लावायचंय?

आता माझा मुख्य मुद्दा. एवढं करून तयार झालेला फोटो धुरासारखाच दिसतो, आणि तो आणखी उठावदार करायचा मोह होतो. मोह चुकीचा नाही. पण जे उठून दिसतं ते आकाशातलं आहे की खरखरीतलं, हे कसं ठरवायचं?

उपाय इतका साधा आहे की प्राथमिक शाळेत चालतो. फोटोंचे दोन ढीग करा. आमच्या ११२ फोटोंचे ५६-५६ चे दोन ढीग केले : पहिला, तिसरा, पाचवा एका ढिगात, दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्यात. दोन्ही ढीग वेगवेगळे रचायचे, दोन्हींवर अगदी तेच संस्कार करायचे, आणि दोन चित्रं शेजारी ठेवायची. जो बारकावा दोन्हींत आहे तो आकाशातला. जो एकातच आहे तो खरखरीतला, तो सोडून द्यायचा. (कॅमेऱ्याची तुटकी पट्टी मात्र दोन्ही ढिगांत सारखीच असते, म्हणून काळे फोटो आधी वजा केलेले हवेत.)

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी हेच केलं आणि दोन्ही चित्रं त्या ॲपमध्ये टाकली. एका चित्रात ओढण्या डावीकडे वळल्या होत्या, दुसऱ्यात त्याच जागी एक गाठ आली होती. जो जास्तीचा तारा होता तो एका चित्रात गायब! वर्गात दोन्ही प्रिंट लावल्या तेव्हा मुलं हसून हसून लोळली. मी नाही हसले. कारण प्रदर्शनात द्यायच्या फोटोखाली “आम्ही काढलेला मृगातील तेजोमेघ” असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मग सिरिलमध्ये पहिल्यापासून सगळं केलं. कुणाला करून बघायचं असेल तर थोडक्यात सांगते. आधी गावाकडच्या उजेडाचा जो पिवळट-पांढरा उतार फोटोत येतो तो काढायचा. मग रंगांचा तोल साधायचा. त्यानंतर फोटोचे दोन भाग करायचे : एक फक्त उजळपणाचा, म्हणजे काळा-पांढरा, ज्याला ल्युमिनन्स म्हणतात, आणि दुसरा रंगाचा. आपला डोळा बारकावे बघतो ते उजळपणात. रंगाच्या बाबतीत तो बराच ढिला असतो. चित्रकलेच्या तासाला बघा, पेन्सिलची रेघ स्वच्छ असेल तर रंग जरा बाहेर गेला तरी चित्र चांगलं दिसतं. म्हणून रंगाचा भाग बिनधास्त मऊ करायचा, त्यातले लाल-हिरवे ठिपके पुसून टाकायचे. सगळी मेहनत उजळपणावर करायची. हा उजळपणा बनवताना तिन्ही रंग सारखे धरू नका. हिरवे पिक्सेल दुप्पट असल्याने तो भाग सगळ्यात स्वच्छ असतो. स्वस्त लेन्समध्ये निळा नीट फोकस होत नाही, तारे फुगतात, म्हणून निळ्याचा वाटा कमी ठेवायचा.

उजळपणा ताणून गडद भाग वर आणायच्या आधीच शार्पनिंग करायचं. त्यातली चांगली पद्धत म्हणजे डीकन्व्होल्यूशन. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. तारा खरा तर एक बिंदू असतो, पण हवा, लेन्स आणि आमची हाताने फिरवलेली चकती यांनी तो पसरतो. तारा कसा पसरला ते मोजलं की बाकी सगळंही तसंच पसरलं असणार हे कळतं, आणि पसरलेला प्रकाश हळूहळू परत गोळा करता येतो. फक्त जिथे प्रकाश भरपूर आहे तिथेच हे करायचं. अंधाऱ्या भागात केलं तर खरखरीच्या अळ्या तयार होतात, आणि ताऱ्यांभोवती काळी कडी दिसायला लागली की समजायचं हात जास्त पडला. मृगाच्या तेजोमेघाचा गाभा एवढा तेजस्वी आहे की २० सेकंदांत तो पांढराफटक होतो, त्यासाठी दोन सेकंदांचे वेगळे फोटो घेऊन मधे मिसळावे लागतात. हे आम्ही त्या रात्री केलं नव्हतं. तेवढी जागा पांढरीच राहिली, राहू दिली.

शेवटी दोन्ही ढिगांत सारखं काय सापडलं? गाभ्याजवळ आत घुसलेली काळी खाच सापडली. मोठा तेजोमेघ आणि त्याच्या डोक्यावरचा छोटा एम ४३ यांच्यामधला काळा पट्टा सापडला. एका बाजूच्या पंखाची वळलेली कड सापडली. बस. रेशमी ओढण्या नाहीत. गाभ्यातले चार तारेही वेगळे दिसत नाहीत, कारण ते एकमेकांपासून जेमतेम दोन-तीन पिक्सेलवर आहेत आणि आमच्या लेन्सची तेवढी ताकद नाही.

काही शिक्षक मित्र म्हणाले, “मॅडम, एवढं कशाला? तो कॅमेरासुद्धा अंदाजच करतो ना, मग ॲपने केला तर काय बिघडलं?” प्रश्न चांगला आहे, मी त्यावर दोन दिवस विचार केला. फरक असा आहे : कॅमेऱ्याचा अंदाज त्याच फोटोतल्या शेजारच्या पिक्सेलवरून असतो, आणि जास्त फोटो काढून तो तपासता येतो. ॲपचा अंदाज दुसऱ्या लाखो चित्रांवरून असतो. त्याला धूर दिसला तर तो त्याला माहीत असलेला केसांचा, कापडाचा, ढगांचा पोत आणून चिकटवतो. खगोल छायाचित्रांसाठीच बनवलेली नवी साधनंही आहेत, त्यातली काही खरखर छान काढतात, त्यांना माझा सरसकट विरोध नाही. पण त्यांनाही दोन ढिगांमधून जावं लागेल.

रंग वाढवण्याबद्दलही लोक विचारतात. इथे मला पुण्याच्या प्रथमेश जाजूची आठवण होते. २०२१ च्या मे महिन्यात, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने काढलेला चंद्राचा फोटो देशभर गाजला होता. पन्नास हजारांहून जास्त फोटो, १८६ जीबी डेटा, आणि तो जुळवायला चाळीसेक तास. चंद्र तेजोमेघापेक्षा फारच तेजस्वी, त्यामुळे तिथलं तंत्र वेगळं : व्हिडिओ घेऊन, हवा क्षणभर स्थिर असतानाच्या फ्रेम निवडायच्या. पण बारकावे आले ते फोटोंच्या संख्येतून. त्या फोटोत चंद्र निळा आणि नारिंगी दिसतो. मुलांनी मला विचारलं, “हे खोटं नाही का?” नाही. चंद्राच्या खडकांत टायटॅनियम जास्त-कमी असल्याने रंगात खरोखरच सूक्ष्म फरक असतो, तोच वाढवून दाखवलेला असतो. असलेलं मोठं करून दाखवणं चालेल. आपण सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल बघतो तेव्हा हेच करतो की. फक्त किती वाढवलं ते सांगावं.

आणि पुण्याचाच एक जुना किस्सा आहे, तो मला या प्रकरणानंतर जास्तच जवळचा वाटायला लागला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांनी पैसे दिले म्हणून त्यांचं नाव. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक काम करत. त्या काळी लॉकयर या मोठ्या इंग्रज शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमशी संबंधित आहे, आणि तसं असेल तर ती एका बाजूला पुसट होत जाणारी दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्याहून आपल्या याच मृगातल्या तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक लावला. त्यांना रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ, धारदार दिसली. त्यांनी तसं लिहिलं. लॉकयर केवढा मोठा माणूस, पण रेषेची कड पुसट आहे की धारदार, एवढ्या एका बारकाव्यावर सगळं अवलंबून होतं आणि त्यांनी जे दिसलं तेच मांडलं. ती रेषा ऑक्सिजनची आहे हे पुढे १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवलं. तिची लांबी ५००.७ नॅनोमीटर, हिरव्या आणि निळ्याच्या सीमेवर, त्यामुळे आपल्या रंगीत कॅमेऱ्याचे हिरवे आणि निळे असे चारातले तीन पिक्सेल तिला थोडीफार पकडतात. आमच्या फोटोत गाभ्याभोवती जी हिरवट-निळी झाक आहे त्यात पुण्यात दिसलेल्या त्याच रेषेचा प्रकाश आहे. ती झाक दोन्ही ढिगांत होती, हे सांगायला नकोच!

तर माझं मत स्पष्ट आहे. मुलांबरोबर काढलेल्या आकाशाच्या फोटोवर ही ‘सुधारणारी’ ॲप चालवू नयेत, आणि कोणतंही शार्पनिंग दोन ढिगांची तपासणी केल्याशिवाय दाखवू नये. प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही माझी विनंती आहे की फोटो किती सुंदर आहे याआधी, तो किती फोटोंतून बनला आणि कसा तपासला, हे विचारा. हबलचा फोटो प्रिंट करून आणणं आणि ॲपने हबलसारखा केलेला फोटो आणणं यात मला तरी पहिलं जास्त प्रामाणिक वाटतं, निदान खाली हबलचं नाव तरी असतं.

पालकांना वाटेल, मुलांचं कौतुक होत होतं ते मॅडमनी उगाच थांबवलं. ग्रुपवर मी फोटो मागे घेतला आणि कारण लिहिलं तेव्हा बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. एका आईने मला फोनवर सांगितलं, “बाई, आम्ही तो फोटो नातेवाइकांना पाठवून बसलो ना.” त्यांची पंचाईत मला समजते. माझीही तीच झाली होती. प्रदर्शनात आम्ही साधाच फोटो लावला, शेजारी ‘ढीग अ’ आणि ‘ढीग ब’ अशी दोन चित्रं आणि फळ्यांचं यंत्र. नंबर आला नाही. परीक्षक यंत्राजवळ थांबले, फोटोंपाशी नाही. मुलं थोडी हिरमुसली, परतताना भजी खाल्ल्यावर बरी झाली.

आता खर्चाचं आणि जागेचं थोडं. कॅमेरा नसेल तर अडून राहू नका. ज्या मोबाईलमध्ये प्रो मोड आहे आणि कच्ची म्हणजे रॉ फाईल साठवता येते, तो फळीवर बांधून कृत्तिका किंवा तिकांड्याचे फोटो घ्या. दोन ढिगांचा नियम तिथेही तोच. जागा मात्र अंधारी हवी. दोंडाईच्यात स्टेशन आणि बाजाराकडच्या दिव्यांमुळे आकाशाचा खालचा भाग गेलेलाच आहे. मृग मध्यावर आला की क्षितिजापासून ६३ अंश वर असतो म्हणून निभावतं. सातपुड्यात तोरणमाळला गेलात तर फरक डोळ्यांनीच कळेल. विदर्भातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, म्हणजे आकाशाचा अंधारही राखावा लागतो हे आपल्या राज्यात कुणीतरी मनावर घेतलं आहे. आपल्या ग्रामपंचायतींनी शेताच्या बाजूच्या दिव्यांना वरून नुसती टोपी बसवली तरी पुष्कळ होईल.

‘अ’ आणि ‘ब’ ही दोन चित्रं आता आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर आहेत. खाली एक पेन्सिल दोऱ्याला बांधलेली आहे. ज्याला दोन्हींत सारखं असं काही नवीन सापडेल त्याने कागदावर गोल करायचा आणि तारीख टाकायची. आतापर्यंत नऊ गोल झालेत. त्यातले दोन खोडले, कारण दुसऱ्या मुलांनी हरकत घेतली. एका गोलावर अजून भांडण चालू आहे : पंखाच्या खालच्या कडेला एक बारीक फाटा दिसतो, ‘अ’ मध्ये ठळक, ‘ब’ मध्ये असला तर असला. वही घेऊन उभी राहिलेली ती मुलगी म्हणते नाही, बाकीचे म्हणतात आहे. पुढच्या अमावस्येला आणखी दोनशे फोटो काढायचे ठरलं आहे. येताना स्वेटर आणा, आणि टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावायला विसरू नका.